वाटणीत न आलेली जीप

आमच्या गोठ्याला लागून एक सपर आहे. त्या सपरात आबांची जीप चौदा वर्षं उभी होती. उभी आपली म्हणायची. चारी टायर बसलेले, हुडाचं कापड उंदरांनी कातरलेलं, आणि मागच्या बाकाखाली आमच्या कोंबड्या अंडी घालायच्या. पाहुणा आला की मी त्याला जीप दाखवायला न्यायचो. "आबांची हाय. कुणाला हात लावू दिला न्हाई अजून," असं म्हणताना मला बरं वाटायचं.

२०२१ च्या दिवाळीत धाकट्या भावाचा मुलगा माझ्यासमोर येऊन बसला. भाऊ जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. पोरगं पुण्याला एका कारखान्यात कामाला. त्यानं मोबाइलवर मला गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजचं चित्रण दाखवलं. भर पावसात जीपा ओढ्यातून, चिखलातून, उभ्या दरडीवरून चढत होत्या. एक तर उलटी झाली, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

"आप्पा, आपली जीप द्या. कापून नव्यानं बांधतो. ऑफरोडला करतो."

कापून हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. म्हणालो, "आबांनी त्या गाडीवर संसार केला. तू ती कापून चिखलात लोळवणार?"

पोरगं काही बोललं नाही. चहा पिऊन उठून गेलं. पण मला रात्रभर झोप लागली नाही.

ही जीप आमच्या घरात आली १९७४ साली. मी तेव्हा पाटणला बोर्डिंगात राहून शिकत होतो. आमचं गाव कोयनेच्या खोऱ्यात वरच्या अंगाला. खाली नदीकाठाला रस्ता, आणि वर डोंगरात एकेक वाडी. वाडीला जायचं तर बैलगाडीसुद्धा अर्ध्या वाटेत सोडावी लागायची. आबांनी कराडच्या एका ठेकेदाराची वापरलेली जीप घेतली. महिंद्राची सीजे थ्री बी, पेट्रोलवर चालणारी. पुढं पेट्रोल परवडेना म्हणून आबांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवलं. बाजारच्या दिवशी वडाप, एरवी खताची पोती, कौलं, नवरा-नवरी, आजारी माणूस. पावसाळ्यात एसटी खालच्या फाट्यावर थांबायची, आणि तिथून वर आबांची जीप. बाळंतपणाला अडलेल्या किती बायका त्या जीपनं पाटणच्या दवाखान्यात नेल्या, त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही. आमच्या भागात आज चाळिशीत असलेली काही माणसं मला भेटली की सांगतात, "मी तुमच्या जीपमधीच जन्मलो असतो, थोडक्यात वाचलो."

अशी गाडी. ती कापायची म्हणजे आबांना कापल्यासारखंच, असं मला वाटत होतं.

आमच्या शाळेत एक गुरुजी होते. त्यांनी आम्हाला मिलिंद राजा आणि नागसेन भिक्खू यांची गोष्ट सांगितली होती. राजा रथातून आला. नागसेनानं विचारलं, हा रथ म्हणजे नेमकं काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणाला. मग रथ कुठं आहे? शेवटी राजालाच कबूल करावं लागलं की हे सगळे भाग एकत्र आले म्हणून त्याला रथ म्हणायचं, रथ हे एक नाव आहे. पंधरा वर्षांच्या पोराला ही गोष्ट म्हणजे नुसता शब्दांचा खेळ वाटली होती. त्या रात्री ती पुन्हा आठवली. आमच्या सपरात सगळे भाग तर एकत्र होते. आस होती, चाकं होती, इंजिन होतं. पण चौदा वर्षांत ती वीतभर हलली नव्हती. मग ती जीप होती की कोंबड्यांचं खुराडं?

सकाळी आईजवळ विषय काढला. आई तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढं होती. भाजी निवडत होती. मला वाटलं होतं, ती पोराला शिव्या देईल. ती मान वर न करता म्हणाली, "तुझ्या आबानं कापली तवा तुला इचारलं हुतं व्हय?"

"आबांनी कधी कापली?"

"आणली तवा आखूड हुती. मागं धा माणसं बसंनात. मग चार महिन्यांत कराडला न्हेऊन मागनं वाढीवली. तू बोर्डिंगात हुतास."

दिवाळीच्या सुट्टीला मी घरी आलो तेव्हा जीप लांबच होती. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेच तसं. त्यामुळं माझ्या डोक्यातली आबांची जीप म्हणजे ती लांब शेपटीची. तिच्या आधी दुसरी एखादी जीप असेल, हे माझ्या मनात कधी आलंच नाही.

मी पोराला फोन करून हो म्हणालो. खरं सांगायचं तर पटलं म्हणून नाही, गप्प बसवलं गेलो म्हणून.

गाडी टेम्पोत घालून कराडला नेली. त्याआधी कागद बघायला आरटीओत गेलो. बुक अजून आबांच्या नावावर. तिथल्या माणसानं सांगितलं, मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानं नोंदणीत लिहिलंय त्याच्याशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलंय. म्हणजे ही गाडी कापून बांधली तर रस्त्यावर चालवता येणार नाही. स्पर्धेला न्यायची तर ट्रकात चढवूनच. पोरगं तयार होतं. मी त्या माणसाला सहज विचारलं, "सायेब, तुमच्या हिशोबानं गाडी म्हणजे काय?" तो हसला आणि म्हणाला, "चेसीवरचा नंबर." चेसीवर ठोकलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची, आकडे उमटतात, ती गाडी. आई म्हणते गाडी म्हणजे वापर, सरकार म्हणतं नंबर, मी म्हणतो आबा. एका गाडीचे तीन जाब.

कराडला मिस्त्रीनं आधी बॉडी उतरवली. नुसती चेसी उघडी पडली तेव्हा गाडी म्हाताऱ्या बैलाच्या सांगाड्यासारखी दिसली. मिस्त्रीनं तारेच्या ब्रशनं गंज झाडत झाडत मागं येऊन मला हाक मारली. "काका, हे बघा." मागच्या पाट्याच्या पलीकडं चेसीच्या दोन्ही दांड्यांवर वेल्डिंगचा जाड सांधा होता. वरून पट्टी ठोकलेली. तिथून मागं दोन फूट लोखंड निराळं होतं. कुठल्या तरी ट्रकचं असावं, असं मिस्त्री म्हणाला. त्याला कापायचं होतं ते नेमकं तेवढंच. शेपटी लांब असली की चढ उतरताना ती खाली टेकते आणि गाडी अडकते, म्हणून ऑफरोडवाले मागचा भाग आखूड करतात. म्हणजे मी जे आबांचं म्हणून जपत होतो ते आबांनीच लावलेलं ठिगळ होतं, आणि पोरगं जे कापणार होतं त्यानं गाडी पुन्हा मूळच्या मापाला येणार होती.

मूळ तरी कुठलं म्हणायचं? मिस्त्री चहा पिता पिता सांगत होता, ही जीप लढाईसाठी निघाली. लढाई संपल्यावर तीच नागरी कामाला आणली, म्हणून तिच्या नावात सीजे, म्हणजे नागरी जीप. १९४७ साली महिंद्रानं विलीज जीप इथं जोडायला सुरुवात केली. पुढं उंच इंजिन आलं, ते जुन्या बोनेटखाली मावेना, म्हणून थ्री बीचं बोनेट उंच केलं. कंपनीनंच तिला किती वेळा मोडून बांधली! हिचा जन्मच बदलात झालेला.

तो सांधा बघून मला दुसरी एक गोष्ट आठवली. ती मी ऐकून होतो, पण कधी नीट जोडली नव्हती. १९८० च्या आसपास चढावर आमची जीप मागं घसरून बांधावर आदळली होती. एका म्हाताऱ्याचा हात मोडला होता. लोक म्हणायचे ब्रेक लागला नाही. मिस्त्रीनं समजावून सांगितलं. मागच्या चाकांच्या पलीकडं दोन फूट वाढवून त्यावर माणसं बसवली की मागं वजन पडतं आणि पुढचा भाग उचलला जातो. चढावर तर जास्तच. पुढची चाकं जमीन सोडायला बघतात, स्टिअरिंग हलकं पडतं, गाडी ऐकत नाही. बैलगाडीत माल मागं भरला की जू वर उचलतं, तसंच.

म्हणजे तो हात आबांच्या त्या सांध्यानं मोडला होता. आणि आबांना ते कळलं असणार. कारण त्यानंतर मागच्या टोकाला त्यांनी माणूस बसवला नाही, तिथं फक्त स्टेपनी आणि पाट्या ठेवायचे. त्या म्हाताऱ्याचा दवाखाना त्यांनी केला आणि त्याचं शेत दोन सालं आमच्या बैलांनी नांगरून दिलं. लहानपणी मला वाटायचं, आबा उगीच दुसऱ्याच्या शेतात राबतात. आता त्याचा अर्थ लागला. आबांनी गाडी कापली, त्यात लोकांचं भलं झालं, आणि एकाचं वाईट झालं. भल्याचं नाव त्यांनी मिरवलं नाही आणि वाइटाची भरपाई टाळली नाही.

गाडी चार महिने गॅरेजात होती. मी आठवड्याला एक फेरी मारायचो. पाटे एक्सलच्या खाली होते ते वर घेतले, त्यानं गाडी पाच-सहा बोटं उचलली. टायर मोठे घातले. पुढच्या-मागच्या बंपरच्या जागी जाड चौकोनी पाइप, वर पिंजऱ्यासारखा पाइपचा सांगाडा, उलटली तर आतला माणूस चेंगरू नये म्हणून. मिस्त्री जाणता होता. प्रत्येक कामाला तो पोराला म्हणायचा, "उंची दिली की तोल गेला. मोठा टायर घातला की ब्रेकवर भार आला. शाफ्ट तिरपा झाला की क्रॉस लवकर खाणार. फुकट काही मिळत नाही, भाऊ."

एका गोष्टीवर पोराचा आणि माझा वाद झाला. त्याला मागच्या डिफरन्शियलचे गिअर वेल्डिंगनं कायमचे जाम करायचे होते. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला यातलं कळतं. एक चाक चिखलात रुतलं की तेच गरगर फिरतं आणि कोरड्यातलं चाक नुसतं उभं राहतं. तेव्हा आपण पायानं लॉक दाबतो, दोन्ही चाकं बरोबर फिरतात आणि ट्रॅक्टर निघतो. पण निघाल्याबरोबर पाय काढावा लागतो. कारण वळणावर आतलं चाक कमी चालतं आणि बाहेरचं जास्त. खळ्यावर मेढीजवळचा बैल कमी चालतो आणि कडेचा जास्त, तसं. दोघांना सारखंच चाला म्हटलं तर पात मोडेल. मी म्हणालो, "अडचणीपुरतं बांधावं, जन्माचं बांधू नये." पोरगं म्हणालं, "आप्पा, ही गाडी कायम अडचणीतच चालवायचीय." शेवटी त्याचंच झालं. गाडी त्याची होती. पण हे बोलताना माझ्याच तोंडचं वाक्य मला टोचलं. मी आणि माझा भाऊ कित्येक वर्षं तसेच जाम होऊन बसलो होतो.

आता ते सांगायला पाहिजे. आबा २००६ ला गेले. दुसऱ्या वर्षी आमची वाटणी झाली. शेत, बैल, भांडी सगळ्यांचे दोन वाटे पडले. जीप तेवढी राहिली. ती कुणाच्या वाट्याला घालायची यावर एकमत होईना, म्हणून पंच म्हणाले राहू द्या सामाईक, आणि ती माझ्या सपरात राहिली. २००९ साली भावाच्या थोरल्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फीला पैसे कमी पडत होते. तेव्हा जीप चालती होती, गिऱ्हाईकही होतं. भाऊ माझ्याकडं आला. म्हणाला, "दादा, जीप विकू. तुझा वाटा तू घे, माझ्या वाट्यात पोरीची फी भरतो."

मी म्हणालो, "आबांची आठवण विकून पोरगी शिकवायची?"

चार माणसांसमोर म्हणालो. तो खाली मान घालून निघून गेला. सावकाराकडनं व्याजानं पैसे काढले आणि फी भरली. ते कर्ज फेडायला त्याला तीन सालं ऊस तोडायला जावं लागलं. स्वतःच्या नावावर शेत असलेला माणूस दुसऱ्याच्या फडात कोयता घेऊन उभा राहिला. आणि मी इकडं पाहुण्यांना जीप दाखवत होतो.

माझ्या मनात आबांची आठवण नव्हतीच असं नाही. होती. पण त्याबरोबर हेही होतं की वाटणीत त्याला पाणी लागणारं रान गेलं आणि मला मुरमाड. त्याची खुन्नस मी जीपवर काढली. तिला श्रद्धेचं नाव दिलं म्हणून ती कुणाला दिसली नाही. मलासुद्धा नाही.

या गाडीनं मला एवढं शिकवलं. एखादी वस्तू कापावी की जपावी, हा प्रश्न आपण नेहमी चुकीच्या टोकानं धरतो. कापणारा तो वाईट आणि जपणारा तो चांगला, असं समजतो. पण जपण्यालाही खर्च असतो. कापण्याला असतो तसाच. तो खर्च कुणाच्या खिशातून गेला, एवढंच बघायचं. आबांनी कापलं, त्याची किंमत एका म्हाताऱ्याच्या हातानं मोजली, आणि आबांनी ती फेडली. मी जपलं, त्याची किंमत माझ्या भावानं ऊसतोडीत मोजली, आणि मी ती फेडली नाही.

हौसेचंही तसंच. पोराला मी म्हणालो होतो, तुझ्या आज्ज्याला रस्ता नव्हता म्हणून तो चिखलात गेला, तू रस्ता सोडून चिखलात चाललायस. बोलायला सोपं आहे. पण तरुणपणी मीही शर्यतीच्या बैलांमागं घरदार विसरून पळालोय. हौस नसेल तर माणूस आणि दगड यात फरक काय? फक्त तिचं बिल दुसऱ्याच्या दारात जाऊ नये.

ते बिल यायला वेळ लागला नाही. २०२२ च्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि पोरगं मित्रांना घेऊन आलं. आमच्या शेतातून वर गायरानात जीप घातली. उभ्या उतारावर चार-पाच वेळा चढवली, उतरवली. गाडी खरंच वाघासारखी चालली. मी खालून बघत होतो, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. आबांच्या वेळचा तो इंजिनाचा आवाज मी पंधरा वर्षांनी ऐकत होतो. पण चाकांच्या दोन चाकोऱ्या उतारावर सरळ खाली पडल्या. गवताची मुळं निघाली. त्या रात्री पाऊस झाला, पाणी त्या चाकोऱ्यांतून धावलं, आणि सकाळी खालच्या एका म्हातारीच्या भाताच्या तरव्यावर वीतभर गाळ.

म्हातारी आमच्या दारात आली नाही. ती बांधावर नुसती बसून होती. मी पोराला पुण्याहून परत बोलावलं. म्हणालो, "तुझ्या आज्ज्यानं दोन सालं नांगरून दिलं होतं. तू काय करणार?" त्यानं आधी तोंड वाकडं केलं. मग दोन दिवस रजा टाकली. आमच्या तरव्यातली रोपं म्हातारीला लावणीला दिली. आणि त्यानं आणि त्याच्या मित्रांनी गायरानातल्या चाकोऱ्यांत आडवे दगडांचे ताल घातले, पाणी थांबावं म्हणून. तेव्हापासून ठरलंय. पावसात गायरानात चाक घालायचं नाही. ओढ्यात चढणीचे मासे वर येतात तेव्हा ओढ्यात उतरायचं नाही. सराव करायचा तो माझ्या वाट्याच्या मुरमाड तुकड्यात. ज्या तुकड्यावरून मी भावाशी वाकडं धरलं, तो अखेर त्याच्या पोराच्या कामाला आला. तिथं खडकाशिवाय काही नाही.

त्याच पावसाळ्यात मी पुण्याला पुतणीकडं गेलो. ती आता एका मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहे. २००९ साली जीपला जी किंमत येत होती, तिचा अर्धा वाटा आणि तेवढ्या वर्षांचं व्याज, असा हिशोब करून पैसे नेले होते. तिनं चहा केला. मी सगळं सांगितलं, चार माणसांसमोर काय बोललो होतो तेही. पैशाचं पाकीट तिनं बाजूला सारलं नाही आणि हातातही घेतलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "हे नानांना सांगायचं होतं, आप्पा."

यावर मी काय बोलणार? भाऊ असता तर त्याच्या शेतात नांगर धरला असता. तो नाही. काही बिलं भरायला आपण पोचतो तेव्हा दुकान बंद झालेलं असतं. पैसे ठेवून मी संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

सपर आता रिकामं आहे. कोंबड्यांनी दुसरी जागा शोधली. कापलेलं दोन फूट लोखंड मिस्त्री भंगारात घालत होता, ते मी घरी आणलं. जपून ठेवायला नाही. भावाच्या आणि माझ्या रानामधून पाण्याचा पाट जातो, तो ओलांडताना आई एकदा घसरली होती. त्या पाटावर ते दोन दांडे आडवे टाकून वर फळी ठोकली. आता त्यावरून आई पलीकडं सुनेकडं जाते, आणि सून इकडं येते.